ओपन डे तर झाला, आता ठरवायचं कसं?

प्रश्न: मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. लेकीने यंदा बारावी दिली, तिला बीसीए करायचंय. मागच्या रविवारी शहराबाहेरच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचा ओपन डे होता, आम्ही तिघं जाऊन आलो. कॅम्पस एकदम चकाचक, एसी लॅब, सेल्फी पॉइंट, नाश्ता, वर गिफ्टची बॅग, लेक तर तिथेच हरखली. दुसऱ्या दिवशी फीडबॅक फॉर्म आला तो तिने सगळीकडे पाच स्टार देऊन भरून पण टाकला, आणि लगेच फोन सुरू की शनिवारपर्यंत सीट बुक करा म्हणजे स्कॉलरशिप पक्की. ह्यांचं म्हणणं, आपल्या घरात आजोबांपासून सगळे एम.एस.लाच (इथल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत) शिकले, तिथेच घाल. मी घरी येऊन आठवायला बसले तर नाश्त्याला काय होतं ते आठवतंय, शिकवणार कोण ते नाही. काय करू?

उत्तर: ताई, आधी त्या फोनवाल्याला ‘विचार करून कळवते’ एवढंच सांगा आणि शनिवारच्या आत एक पैसाही भरू नका. बाकीचं निवांत बघू.

तो फीडबॅक फॉर्म त्यांच्या कामाचा, पाहुणचार कसा झाला ते विचारणारा. तुमचा हिशोब वेगळा मांडा. तिघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा, एकमेकांना न विचारता, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत घरभर होतं. आणि प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की हे डोळ्यांनी पाहिलं, का कुणीतरी सांगितलं, का विचारलं पण उत्तर मिळालं नाही. लॅब पाहिली, ठीक, पण मशीनवर कोणी काम करत होतं का, का मॉनिटरवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं? कंपन्यांशी टाय-अप आहे हे फ्लेक्सवर लोगो बघून कळलं, म्हणजे ते ‘सांगितलं’मध्ये गेलं. शिकवणारे कोण हे तुम्हाला आठवत नाहीये, कारण बहुतेक ते तुम्हाला भेटवलेच नाहीत, सगळा वेळ एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरंच फिरवत होती ना? ‘उत्तर मिळालं नाही’चा हा तिसरा रकाना जितका लांब तितकं थांबायचं.

प्लेसमेंटचं तर विचारूच नका. हायेस्ट पॅकेज म्हणजे एका मुलाचा पगार, आणि तो मुलगा बीसीएचा असेलच असं नाही, बी.टेक. किंवा एमबीएचाही असू शकतो. त्यापेक्षा ती युनिव्हर्सिटी एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-युनिव्हर्सिटी रँकिंगमध्ये भाग घेते का बघा, घेत असेल तर तिने भरून दिलेला डेटा तिच्याच वेबसाइटवर पीडीएफमध्ये असतो. त्यात तीन वर्षांच्या कोर्सचं टेबल वेगळं येतं, किती पास झाले, किती प्लेस झाले, किती पुढे शिकायला गेले आणि मीडियन पगार किती, म्हणजे सगळे पगार ओळीने लावले तर बरोबर मधला. बीसीए त्याच टेबलात बसतं. शिक्षकांची यादीही त्यातच, कधी जॉइन झाले त्या तारखेसकट, निम्मे सर गेल्या वर्षीच आलेले दिसले तर समजून घ्या. आकडे कॉलेजनेच दिलेले असतात हे लक्षात ठेवा, पण फ्लेक्सपेक्षा बरे.

मग लेकीला घेऊन एखाद्या मंगळवार-बुधवारी परत जा, न सांगता. परीक्षा किंवा सुट्टी नाही ना तेवढं बघून घ्या. ऑफिसात शिरू नका, गेटबाहेर सेव-उसळची लारी असेलच (बडोद्यात नसेल तर नवलच), तिथे सेकंड इयरची पोरं सापडतील. त्यांना ‘कॉलेज कसं आहे’ विचारलंत तर ‘मस्त आहे आंटी’ म्हणतील आणि खायला लागतील. काल किती लेक्चर झाली, शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं, बसची फी वेगळी घेतात का, असं विचारा.

स्कॉलरशिपचं ईमेलवर लेखी मागा, एकाच वर्षाची का तिन्ही, आणि मार्क कमी पडले तर पुढच्या वर्षी पूर्ण फी का. तिथेच ॲडमिशनची जाहीर केलेली शेवटची तारीखही विचारून घ्या. कारण फी परत मिळण्याचा यूजीसीचा (युनिव्हर्सिट्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाचा) 2018चा नियम त्या तारखेवर चालतो, तिच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी ॲडमिशन रद्द केली तर पूर्ण फी परत, प्रोसेसिंगचे जास्तीत जास्त 5 टक्के कापता येतात आणि तेही 5000 रुपयांच्या वर नाही. मग उशीर होईल तसं 90, 80, 50 टक्के, आणि तारखेनंतर 30 दिवस उलटले की शून्य. ओरिजिनल मार्कशीट तपासून परत द्यायची असते, ती ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नका.

आता तुमच्या यजमानांचं. एम.एस. 1949ची, तिचं मूळ असलेलं बडोदा कॉलेज तर 1881चं, आर्ट्सचा तो घुमट बघून आजही ऊर भरून येतो, पण लेकीला घुमटात नाही, क्लासरूममध्ये बसायचंय. तेव्हा तीच तीन रकान्यांची तपासणी तिथेही लावा, तिला हवा तो कोर्स कुठल्या फॅकल्टीत आहे आणि सीट्स किती इथपासून. तिथला फॉर्म गुजरात सरकारच्या जीकॅस या ॲडमिशनच्या पोर्टलवरून भरावा लागतो, त्याची तारीख मात्र या सगळ्या गडबडीत हुकवू नका, फॉर्म भरला म्हणजे काही तिथेच जायचं असं बंधन नाही, आणि यजमानही तोवर शांत राहतील.