रिपोर्ट नसलेली बाळंतीण

प्रश्न : माझी बहीण पहिल्या बाळंतपणाला जालन्याहून मानखुर्दला आमच्याकडे आली. गडबडीत तिची फाइल सासरीच राहिली. दिवस भरायच्या आधीच एका रात्री दीड वाजता कळा सुरू झाल्या. जवळच्या नर्सिंग होमने 'एचआयव्ही, हिपॅटायटिसचे रिपोर्ट नाहीत' म्हणून दारातूनच परत पाठवलं. मग रिक्षाने महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. तिथे लगेच आत घेतलं आणि तपासणी आतच केली. बाळ छान आहे, पण बहिणीला हिपॅटायटिस बी निघाला. तिला तर कधी कावीळ झालेली नाही! बाळाला अंगावर पाजलं तर चालेल का? आणि त्या नर्सिंग होमचं बरोबर होतं का?
— एक भाऊ, मानखुर्द

उत्तर : पाजू द्या हो, खुशाल पाजू द्या. सोबत डिस्चार्ज कार्ड काढा आणि बाळाला मांडीत काय काय टोचलं ते बघा. हिपॅटायटिस बीची लस जन्मल्यापासून चोवीस तासांत प्रत्येकच बाळाला देतात. आई पॉझिटिव्ह असेल तर शक्यतो बारा तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात. ते महाग असतं, सगळीकडे हाताशी नसतं. ते मिळालं नसेल तरी लस वेळेवर मिळाली ही मोठी गोष्ट. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून. एकही चुकवू नका, कारण तान्हेपणी ही लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत ती कायमची राहते. बाळ नऊ महिन्यांचं झालं की त्याचं रक्त तपासून घ्या.

आता नर्सिंग होम. नाही, बरोबर नव्हतं. मी एकतीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. नाव न नोंदवलेली बाई रात्री-अपरात्री यायचीच. कुणाचं कार्ड गावी, कुणाचं पावसात भिजून लगदा झालेलं. कळ आली की बाई खाटेचा लोखंडी दांडा असा घट्ट धरते की टोचायला बोट मिळत नाही. मी कळ ओसरायची वाट बघायचे, तेवढ्यात तिला विचारून घ्यायचे आणि मग टोचायचे. तपासणीच्या पट्टीवर रक्ताचा थेंब, वर द्रावण, आणि नजर घड्याळावर. वीसेक मिनिटांत कळतं. कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालते हे दाखवणारी रेघच उमटली नाही तर ती पट्टी बाद, पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं बाई आत, खाटेवर असताना. एचआयव्हीची पट्टी रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे लागणीची शंका दाखवली, तर पक्क्या रिपोर्टसाठी न थांबता आईची औषधं सुरू करायची, बाळ झालं की त्याला लागण होऊ नये म्हणून नेव्हिरॅपिन हे औषध. म्हणजे ही घाई बाळासाठी असते, दारावर वेचून घेण्यासाठी नाही.

'आमच्या स्टाफला धोका' म्हणतात, तेही मला पटत नाही. लागण ताजी असेल तर रिपोर्ट निगेटिव्हसुद्धा येतो. मग काय, त्या बाईसाठी ग्लोव्ह्ज घालायचे नाहीत? ग्लोव्ह्ज, चष्मा, सुई टाकायचा डबा हे प्रत्येकीसाठीच. मला स्वतःला दोनदा सुई लागली, दोन्ही वेळा 'रिपोर्ट नॉर्मल' बायकांची.

कोविडमध्येसुद्धा आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं सांगणं होतं की टेस्टसाठी तातडीची प्रसूती अडवू नका. एचआयव्हीचं कारण सांगून उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा हिपॅटायटिसला लागू नाही, पण दीड वाजता दारात कण्हणाऱ्या बाईला त्या फरकाचं काय?

कावीळ झाली नव्हती म्हणता, तर बहुतेकांना ती दिसतच नाही. कित्येकदा हे जन्मापासूनच अंगात असतं. म्हणून नवऱ्याची तपासणी आणि लस तर हवीच, पण भाऊ, तुमची आणि तुमच्या आईचीही करून घ्या. बहिणीला लिव्हरच्या तपासणीला न्या. २०१८ पासून सरकारच्या हिपॅटायटिस कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. लवकर निघा, साडेनऊनंतर केसपेपरची रांग जिन्यापर्यंत येते. आणि जालन्याची ती फाइल मागवून घ्या. तिथे ही तपासणी झाली होती की नाही, ते त्यातच कळेल.