काडतुसं फक्त परवानाधारकालाच विकण्याने काही साधतं का?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत काडतुसं घेणाऱ्याची आधी पडताळणी करायची की नाही, यावरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत. ज्याला बंदूक बाळगायचा कायदेशीर हक्क आहे त्यालाच काडतुसं विकायची, या नियमाने खरंच काही साधतं का? आणि आपल्याकडे कसं आहे?

साधतं. मी तर म्हणेन, बंदुकीपेक्षाही जास्त लक्ष काडतुसावर हवं. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचा. आमच्याकडे एकनळी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) बंदूक आहे, परवाना काकांच्या नावावर. रानडुकरं आणि गवे भात-ऊस ठेवत नाहीत, म्हणून आमच्या पट्ट्यात अशा बंदुका जुन्या काळापासून आहेत. त्यामुळे हा विषय मी घरातून पाहिलेला आहे.

काडतुसावर लक्ष का, ते आधी सांगतो. गावठी कट्टा लेथवर होतो. पाइपचा तुकडा, स्प्रिंग, घोडा, आणि हातात कसब असलेला माणूस, एवढं पुरतं. काडतूस तसं होत नाही. पितळी बूड, त्यात ठिणगी पाडणारी टोपी, मोजून भरलेली दारू, वर गोळी किंवा छर्रे. यात थोडं जरी चुकलं तरी एक तर बार फुसका जातो, नाही तर नळी फाटून धरणाऱ्याचा हात जातो. रिकामी टरफलं पुन्हा भरणारे लोक आहेत, पण त्यांनाही टोपी कुठून तरी आणावीच लागते. म्हणजे बेकायदा हत्यारवाल्यालाही काडतूस बहुतेक वेळा कारखान्यातलंच लागतं. आणि कारखान्यातलं काडतूस कधी तरी, कुठल्या तरी दुकानातून, कुणाच्या तरी परवान्यावर बाहेर पडलेलं असतं, किंवा सरकारी साठ्यातून गळलेलं असतं. अडवायला सोपी जागा तीच आहे.

आपल्याकडे हा नियम नवा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ३ प्रमाणे बंदुकीला परवाना लागतो तसाच काडतुसांनाही लागतो. समोरच्याला ती बाळगायचा हक्क आहे की नाही याची खात्री न करता त्याच्या हाती काडतुसं देणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे. परवान्यावर बंदुकीचा नंबर असतो, तशीच एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतील आणि वर्षाला किती विकत घेता येतील हेही लिहिलेलं असतं.

बेळगावात काकांबरोबर दुकानात गेलो की काय होतं ते बघा. दुकानदार आधी परवान्याचं पुस्तक मागतो. मुदत बघतो, बोअर बघतो, मग मागची पानं उलटून यंदा किती उचलली ते मोजतो. आम्ही खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' मागतो. एलजी हवी की एसजी, म्हणजे आतले छर्रे कोणत्या मापाचे, हे नंतर. मग तो पुस्तकावर तारीख आणि नग लिहून शिक्का मारतो, आपल्या रजिस्टरात तेच उतरवतो आणि काकांची सही घेतो. मी पुतण्या, शेजारी उभा, आधार कार्ड खिशात. पण मला तो एक नग देणार नाही. काकांना ताप असेल तर काडतुसं त्या दिवशी येत नाहीत. यात काकांना कधी अपमान वाटलेला मी पाहिला नाही.

कर्नाटकातच एक वेगळा प्रकारही आहे. कोडगूत (कूर्गमध्ये) कोडवा समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरेच्या, जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. म्हणजे 'कायद्याने हक्कदार' माणसाकडे परवानाच असेल असं नाही. पण हक्क आहे हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.

आता अमेरिका. तिथे १९६८ च्या केंद्रीय कायद्याने गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना बंदूक आणि काडतुसं दोन्ही घ्यायला मनाई केली, आणि काडतुसं विकणाऱ्यांवर परवान्याचं व नोंदीचं बंधन घातलं. १९८६ मध्ये त्यातलं काडतुसांपुरतं बरंचसं बंधन काढून टाकलं. पुढे दुकानातून बंदूक घेणाऱ्याची पडताळणी आली, काडतूस घेणाऱ्याची आली नाही. म्हणजे मनाई कागदावर राहिली आणि गल्ल्यावर विचारणारं कुणी नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये जनमताने ठरवलं की काडतुसं घेतानाही पडताळणी व्हावी. १ जुलै २०१९ पासून ती सुरू झाली. तिथले विरोधक म्हणतात की बंदूक बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे आणि काडतुसाशिवाय तो हक्क पोकळ. जानेवारी २०२४ मध्ये सॅन दिएगोच्या फेडरल न्यायाधीशांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला, पुढे अपील झालं. आपल्याकडे बंदूक हा मूलभूत हक्क नाही, त्यामुळे तो वाद इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

पण त्या विरोधकांची एक तक्रार मला अगदी पटते. तिथे जुना पत्ता, न जुळणारं नाव अशा कारणांनी हक्कदार माणसंही दुकानातून रिकाम्या हाती परत गेली. हे आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना समजावून सांगावं लागत नाही. नाव मराठीत एक, कन्नडमधून इंग्रजीत गेलं की दुसरं. आडनावाची स्पेलिंगं तीन कागदांवर तीन. जुन्या परवान्यावर बेळगाव, २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. नोटीस कन्नडमध्ये आली की म्हातारा माणूस ती घेऊन वाचून देणाऱ्याच्या शोधात गावभर फिरतो. नियम कडक ठेवा, माझी काहीच हरकत नाही, पण नोंद दुरुस्त करायची खिडकी तेवढीच उघडी ठेवा आणि अटी माणसाला वाचता येतील अशा भाषेत द्या. नाही तर प्रामाणिक माणूस अडतो, आणि ज्याला चोरून घ्यायचं तो दुकानात येतच नाही.

खरी गळती दुकानाबाहेर आहे. आमची सोयरीक महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. हद्द मध्ये आहे, नातं नाही. एकदा तिकडचा भाचा आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "मामा, चार काडतुसं द्या की. डुकरांनी ऊस आडवा केलाय बघा." त्याच्याकडे स्वतःची परवान्याची बंदूक आहे, माणूस सरळ. तरी काकांनी नाही म्हटलं. "बंदूक तुझी, परवाना तुझा, तर काडतूसबी तुझ्या पुस्तकावरचं आण." भाचा फुगून गेला, पण काकांचंच बरोबर होतं. परवानाधारकालासुद्धा आपली काडतुसं द्यायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. ती चार काडतुसं पुढे कुठे मिळाली असती, तर पुस्तकावर नाव काकांचंच निघालं असतं. पै-पाहुण्यांत असं देणं-घेणं सर्रास चालतं आणि त्याला कुणी गुन्हा समजत नाही. दुकानदारावर जेवढी नजर आहे तिचा दहावा हिस्सासुद्धा इथे नाही.

दुसरी गळती ठासणीच्या बंदुकीची. शेतरक्षणासाठी ठासणीची बंदूक हा प्रकार कायद्याच्या कलम १३ मध्येच नमूद आहे, परवाना तिलाही लागतो. पण तिला काडतूस लागतच नाही. नळीत दारू ओतायची, चिंधी घालून गजाने ठासायची, छर्रे टाकायचे, टोपी बसवायची. तेव्हा काडतुसाच्या रजिस्टरात ती कधी दिसत नाही. विनापरवाना शिकारीत बऱ्याचदा हीच बंदूक वापरली जाते. काडतुसावर कितीही पहारा ठेवला तरी हिला तो लागू पडत नाही. दारू आणि टोप्या कुठून येतात तिथे बघावं लागेल.

आणि एक गोष्ट शेतकरी म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे; रानडुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. आमच्याकडे बहुतेक बार हवेतच काढतात, आवाजाने कळप पांगावा म्हणून. निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा होतात, पण डुकरं काही आचारसंहिता पाळत नाहीत. अशा वेळी नुकसानभरपाई वेळेवर मिळाली नाही, कुंपणाला मदत मिळाली नाही, की माणूस तारेत करंट सोडतो, नाही तर कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतो. त्यात गाई-म्हशी जातात, पहाटे पाणी सोडायला गेलेली माणसं जातात. काडतुसं मोजून द्या, जरूर द्या. पण पीक वाचवायची जबाबदारी सरकारने त्याच हाताने उचलली पाहिजे. ती न उचलता नुसता पहारा वाढवला, तर धोका बंदुकीतून तारेत जाईल, एवढंच.

शेवटचं, कामाचं. परवानाधारक वारला की बंदूक घरचे लोक ठाण्यात नेऊन देतात, कारण ती भिंतीवर दिसते. काडतुसं ट्रंकेत, जुन्या लुगड्यांखाली राहून जातात. आमच्या गल्लीतल्या एका आजींना आजोबांच्या पश्चात बऱ्याच काळाने अशी पेटी सापडली. पावसाळी ओलीने कागदी टरफलं फुगलेली, आणि नातवंडं त्याच खोलीत खेळत होती. वारसांच्या हातात ती काडतुसं राहणंही बेकायदाच आहे. कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करता येतात. विहिरीत टाकू नका, चुलीत तर मुळीच नाही. मृत्यूचा दाखला आणि जुनं परवान्याचं पुस्तक बरोबर न्या, आणि जी पोच मिळेल तिच्यावर बोअर आणि नग लिहून घेतल्याशिवाय परत फिरू नका.