खरे जीवाणू कोणते, आणि ग्राम रंजनातून काय कळते

प्रश्न थोडक्यात असा: दह्यातले लॅक्टोबॅसिलस, निळे-हिरवे शैवाल आणि गोबर गॅसच्या टाकीत मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव हे तिन्ही ‘मोनेरा’त शिकवले जातात, मग तिन्ही खरे जीवाणूच ना? आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत ग्राम रंजन (रंग देऊन जीवाणू जांभळे की गुलाबी दिसतात ते पाहण्याची पद्धत) करून ते ताडून पाहता येईल का?

पहिले दोन खरे जीवाणू आहेत, तिसरे नाहीत. ग्राम रंजनाने मात्र हे ठरत नाही.

व्हिटाकरच्या १९६९ च्या पाच सृष्टींत मोनेरा म्हणजे पेशीत केंद्रक नसलेले सगळे. एखादी गोष्ट ‘नाही’ म्हणून एकत्र ठेवलेले जीव एका वंशाचे असतीलच असे नाही. १९७७ मध्ये वूज आणि फॉक्स यांनी रायबोसोममधल्या १६एस आरएनएची तुलना केली, तेव्हा मिथेन तयार करणारे इतर जीवाणूंपासून फार दूरचे निघाले. १९९० पासून बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया ही तीन डोमेन, म्हणजे सजीवांचे सर्वांत वरचे गट, रूढ झाली. मिथेन तयार करणारे आर्कियात मोडतात. पुस्तकातले ‘युबॅक्टेरिया’ म्हणजेच आजचे डोमेन बॅक्टेरिया. ‘आर्किबॅक्टेरिया’ हे आर्कियाचे जुने नाव सोडून द्या, त्याने गैरसमज वाढतो.

फरक रसायनात आहे. खऱ्या जीवाणूंच्या पेशीभित्तिकेत म्युरॅमिक आम्ल असलेले पेप्टिडोग्लायकन असते आणि पटलातल्या मेदांत एस्टर बंध असतात. आर्कियात ईथर बंध असतात आणि पेप्टिडोग्लायकन नसते. मिथॅनोबॅक्टेरियमच्या भित्तिकेत त्याच्यासारखे दिसणारे स्यूडोम्युरीन असते, म्हणून पेप्टिडोग्लायकनवर काम करणारे लायसोझाइम किंवा पेनिसिलिन त्यावर चालत नाही. नावात ‘बॅक्टेरियम’ असले तरी तो आर्कियाच.

आता रंजन. जांभळा रंग धरून ठेवणारे ते ग्राम-पॉझिटिव्ह, तो सोडून गुलाबी होणारे ते ग्राम-निगेटिव्ह. १८ ते २४ तासांचे ताजे कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जीवाणू) घ्या. पातळ लेप द्या, हवेत वाळू द्या आणि काच ज्योतीवरून दोन-तीनदाच फिरवा. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी, ग्रामचे आयोडीन १ मिनिट, पाणी, मग ९५ टक्के अल्कोहोल, पुन्हा पाणी, सॅफ्रानिन ३० ते ६० सेकंद, शेवटी धुऊन, टिपून १००एक्स ऑइल भिंगाखाली बघा. चुका बहुतेक अल्कोहोलच्या पायरीवर होतात. काच तिरकी धरून थेंब थेंब सोडा आणि ओघळ रंगहीन होताच, साधारण १० ते २० सेकंदांत, पाण्याने थांबवा. जास्त वेळ गेला तर ग्राम-पॉझिटिव्हही गुलाबी दिसतात. लेप जाड असला तर उलट घडते, रंग निघतच नाही. जुन्या कल्चरमधल्या पेशींची भित्तिका कमकुवत झालेली असते, तिथे दोन्ही रंग दिसतात. दह्याचा थेट लेप घेऊ नका, केसीन आणि स्निग्धांश रंग धरतात. पाण्यात भरपूर पातळ करून घ्या. त्याच काचेवर एका बाजूला ई. कोलाय (गुलाबी दिसायला हवा) आणि दुसऱ्या बाजूला माहितीतला एखादा बॅसिलस (जांभळा दिसायला हवा) ठेवा. ते दोन बरोबर रंगले नाहीत तर मधल्या नमुन्यावर विश्वास ठेवू नका.

रंजन नीट झाले तरी ते भित्तिकेबद्दल सांगते, वंशाबद्दल नाही. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नाही, म्हणून तो जांभळा रंग धरत नाही; पण आरएनएनुसार त्याचे जवळचे नातेवाईक लॅक्टोबॅसिलसच्या बॅसिलोटा संघातले, म्हणजे ग्राम-पॉझिटिव्हच. उलट मिथॅनोबॅक्टेरियम जांभळा दिसू शकतो आणि तरी जीवाणू नसतो. निळे-हिरवे शैवाल, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, ग्राम-निगेटिव्ह धाटणीचे. त्यांना शैवाल म्हणायचे ते केवळ जुन्या सवयीने.

मिथेनवाल्यांसाठी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक असेल तर ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाका. त्यांच्यातल्या एफ४२० या सहविकरामुळे (विकराला मदत करणाऱ्या रेणूमुळे) पेशी निळसर-हिरव्या चमकतात. खात्री मात्र १६एस जनुकाच्या क्रमानेच होते. पीसीआर (जनुकाच्या प्रती काढण्याची पद्धत) करताना जीवाणूंसाठीचे नेहमीचे २७एफ आणि १४९२आर प्रायमर (जनुकावर बसून प्रत सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून ‘नमुन्यात आर्किया नाहीत’ असा निष्कर्ष काढू नका. २७एफ त्यांच्यावर नीट बसत नाही, त्यांचे प्रायमर वेगळे घ्यावे लागतात.

जर्नलमध्ये लिहिताना नावे तपासा. संघांपैकी फर्मिक्युट्स २०२१ पासून बॅसिलोटा, प्रोटिओबॅक्टेरिया स्युडोमोनाडोटा. लॅक्टोबॅसिलस ही प्रजातीही (जीनस) २०२० मध्ये फोडली गेली: योगर्टचा डेलब्रुकी लॅक्टोबॅसिलसच राहिला, केसिआय मात्र लॅक्टिकेसिबॅसिलस झाला.