वडिलांची 1988 ची प्रीमियर पद्मिनी अर्धवट दुरुस्त होऊन उभी आहे. काम पूर्ण करावं की विकून टाकावी?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. गाडी पेट्रोलवरची, वडिलांच्या नावावर. इंजिनाचं काम झालंय, पत्र्याचं अर्ध्यावर थांबलंय आणि गॅरेजवाला आणखी दीड लाख सांगतोय. नोंदणी 2023 मध्ये संपली. सोसायटीत पार्किंगची एकच जागा आहे, तीही तिने अडवलीय. पत्नी म्हणते विका, वडील काहीच बोलत नाहीत.

माझ्याकडे पुण्यात पद्मिनी आहे, चालती आहे. त्याआधी एक लॅम्ब्रेटा स्कूटर होती, ती अर्धवट असतानाच विकली आणि तिचं मला जराही वाईट वाटत नाही. म्हणून 'वडिलांची आठवण आहे, विकू नका' असं मी सांगणार नाही. तसं सांगणारे तुम्हाला इथे भरपूर भेटतील. पार्किंगचे पैसे त्यांच्यापैकी कोणी देणार नाही.

आधी इंजिनावर घातलेले पैसे हिशेबातून काढून टाका. ते ठेवायच्या बाजूलाही मोजू नका आणि विकायच्या बाजूलाही नाही. घेणाऱ्याला इंजिनाचं बोअर केलेलं ब्लॉक, नवे पिस्टन-रिंग काही दिसत नाहीत. त्याला दिसतो तो पुट्टी मारलेला दरवाजा.

या गाडीचा निकाल इंजिनावर लागत नाही. 1089 सीसीचं ते साधं इंजिन चांगल्या लेथवाल्याकडून पुन्हा पुन्हा उभं राहतं. निकाल लागतो पत्र्यावर. जीपला खाली वेगळी चासी असते, वरची बॉडी सडली तर उतरवून दुसरी बसवता येते. पद्मिनी मुळात फियाट 1100 च्या घराण्यातली, तिला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दरवाज्याखालच्या पट्ट्या, पायाखालचा फ्लोअर, मागचे पाटे जिथे बॉडीला धरतात ती जागा आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा, इथे गंज असेल तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडी सरळ उभी राहील का याचा होतो.

तपासायचं कसं? गॅरेजवाल्याला विचारू नका, त्याला काम हवंय. गाडी रॅम्पवर चढवून घ्या, खालचं डांबरी कोटिंग दोन-चार जागी खरवडायला लावा आणि मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरने स्वतः टोचून बघा. पापुद्रे निघाले तर ठीक आहे, पण स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला तर ती जागा कापून नवा पत्रा जोडण्यावाचून इलाज नाही. वरच्या बाजूने लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे. एक खूण आणखी. गाडी सपाट जमिनीवर उभी करा आणि चारही दरवाजे उघडून बंद करा. एखादा दरवाजा उचलून लावावा लागत असेल तर आधी बिजागरी तपासा. बिजागरी ठीक असूनही लागत नसेल तर मधला भाग खाली बसलाय. अशी गाडी तुमच्या जागी मी दुसऱ्या दिवशी विकायला काढीन, मग इंजिन कितीही गोड वाजो.

फ्लोअरचा थोडा पत्रा आणि दरवाज्यांच्या खालच्या कडा एवढंच सडलं असेल तर घाबरू नका. पावसात चाललेल्या प्रत्येक पद्मिनीचं हे झालेलं असतं.

दुसरी गोष्ट कागदांची, आणि इथेच बहुतेक लोक ढिले पडतात. खाजगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे तुमची गाडी 2003, 2008, 2013, 2018 असं करत 2023 ला थांबली. हलक्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 झाली होती. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ती 10,000 केली, वर जीएसटी वेगळा. उशिराबद्दल चारचाकीला दरमहा 500 रुपये लागतात, म्हणजे गाडी नुसती उभी ठेवल्याचे वर्षाला 6,000. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, पीयूसी, विमा, आणि एप्रिल 2019 आधीच्या सगळ्याच गाड्यांना लागणारी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. आकडा भयंकर नाही, पण दर महिन्याला वाढतोय. तो थांबवणं तुमच्या हातात आहे.

फीपेक्षा मोठी अडचण वेगळी असू शकते. एवढ्या जुन्या गाड्यांची आरसी म्हणजे वहीसारखं पुस्तक. त्यातली सगळी माहिती 'वाहन' या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीत चढलेली असेलच असं नाही. मोबाइलवर एमपरिवहन या सरकारी अॅपमध्ये नंबर टाकून बघा. गाडी सापडली नाही, किंवा इंजिन नंबर चुकीचा दिसला, तर आधी आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे पुस्तकातली जुनी माहिती प्रणालीत चढवून घ्यावी लागेल. तिला वेळ लागतो आणि मूळ पुस्तकाशिवाय ती रखडते. पुस्तक कपाटात आहे याची खात्री आजच करा.

इंजिनाचं काम करताना ब्लॉक बदललंय का, हेही विचारून घ्या. बदललं असेल तर नवा नंबर आरसीत चढवावा लागतो, नाहीतर तपासणीत गाडी अडते. आणि एखादा हुशार मिस्त्री 'मारुतीचं इंजिन टाकून देतो, झंझट संपलं' म्हणाला तर त्याला नमस्कार करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली परवानगीशिवाय असे बदल चालत नाहीत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांबद्दल कडक भूमिका घेतली. अशी गाडी ना नीट विकली जाते, ना नीट नोंदली जाते.

'थोडं थांब, व्हिंटेज होईल, मग किंमत बघ' असंही कोणीतरी सांगितलं असेल. 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी. तुमची 2038 मध्ये तिथे पोचेल. तेव्हाही नव्या व्हिंटेज नोंदणीची फी 20,000 आणि गाडी रोज वापरायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. त्या आशेवर पार्किंग अडवून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

सुट्या भागांचं थोडं सांगतो. वर्षानुवर्षं या गाडीचा खरा आधार मुंबईची काळी-पिवळी होती. टॅक्सी भंगारात निघायच्या आणि त्यांचे गिअरबॉक्स, दरवाजे, काचा, डिफरन्शियल कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये तीही गेली. हा झरा आता आटत चाललाय. ब्रेकचे किट, क्लच प्लेट, वॉटर पंप, किंगपिन-बुश अशा झिजणाऱ्या वस्तू पुण्यात नाना पेठेत फिरलं की निघतात. पण बंपरचे कोपरे, धड ग्रिल, मागच्या काचेचं रबर, दरवाज्याचे मूळ हँडल, यांच्यासाठी माणसं ओळखीची असावी लागतात. तुमच्या गाडीचे हे भाग कुठे आहेत? गॅरेजात सुटे पडले असतील तर उद्याच जाऊन खोक्यात भरून घरी आणा. पत्र्याचं काम लांबलं की पहिली गायब होते ती क्रोमची पट्टी.

आणि उभी गाडी तशीच राहत नाही, बिघडत जाते. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. टाकी आतून गंजते, कार्बोरेटरचे जेट चिकटतात, इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम आणि जुन्या रबरी नळ्या कडक होतात. ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होतात. मोठ्या हौसेने केलेलं इंजिन आणखी दोन पावसाळे न फिरवता ठेवलंत तर ते पुन्हा उघडायची वेळ येऊ शकते.

आता विकायचं म्हटलं तर. अर्धवट गाडीला बाजार जवळजवळ भंगाराचाच भाव देतो. हौशी माणूस येतो, 'कागद संपलेत, पत्रा उघडा आहे' म्हणतो आणि भंगारवाल्याच्या थोडं वर थांबतो. त्यात त्याची चूक नाही, पुढची सगळी जोखीम तो घेतोय. तीच गाडी स्वतःच्या पायांवर चालत आली, आरसी पाच वर्षांसाठी चालू असली, तर रंग नसला तरी गिऱ्हाईक वेगळंच येतं. त्यात एमएच-12 वगैरेच्या आधीची जुनी अक्षरं असलेला नंबर असेल तर त्याचीही वेगळी हौस असणारे आहेत.

म्हणून दीड लाखाचा तो आकडा मला एकसंध मान्य नाही. गॅरेजवाल्याकडून तो फोडून घ्या, कागदावर. त्यातले काही खर्च असे आहेत की गाडी ठेवा किंवा विका, ते करणं फायद्याचंच: सांगाड्याचा पत्रा, चारही ड्रम ब्रेक, टायर, दिवे, वायरिंग, आणि नूतनीकरणाची फी. आरटीओच्या तपासणीला गाडी न्यायची तर ती चालती, थांबती आणि दिवे लागणारी असायलाच हवी. उरलेले खर्च फक्त ठेवणाऱ्याचे: रंग, क्रोम, सीटचं कापड, छताचं अस्तर. हे घेणारा स्वतःच्या आवडीने करतो, तुमच्या रंगाचे पैसे तो देत नाही.

तर माझा सल्ला असा. टोचून बघण्यात सांगाडा गेलेला निघाला, तर एक रुपयाही न घालता आहे तशी विका. नाहीतर अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीला सवलत मिळते. सांगाडा शाबूत असेल तर फक्त पहिल्या गटाचे पैसे घाला, रंग न देता प्राइमरवर ठेवा आणि नोंदणी करून घ्या. मग तीन-चार महिने वापरा. रविवारी सकाळी वडिलांना शेजारी बसवून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणा, भाजी आणायला न्या, पावसात एकदा चालवा. स्टिअरिंगवरचे गिअर आणि ब्रेक लागण्याआधीचा तो लांबलचक विचार तुम्हाला आवडतो की वैताग आणतो, हे तेव्हाच कळेल. गाडी दोन आठवडे सलग जागची हलली नाही, असं दोन-तीनदा झालं, की विकायला लावा. तेव्हा भावही बरा येईल.

पत्नीचं म्हणणं पार्किंगपुरतं असेल तर ते रास्त आहे. महिन्याच्या भाड्याने दुसरी जागा घेणं परवडत नसेल, तर ठेवण्याचा विचारच करू नका. 'लग्नात भाड्याने देऊन खर्च काढू' हा मार्ग खाजगी नोंदणीच्या गाडीला कायद्याने मोकळा नाही, त्यामुळे तो हिशेबात धरू नका.

वडिलांचं मौन मला समजतं. 'विकू का?' असं त्या पिढीच्या माणसाला विचारलं की ते 'तुझं तू बघ' म्हणणार. त्यापेक्षा 'बाबा, आरसी माझ्या नावावर करूया का?' असं विचारा. उत्तर काय येतं आणि किती पटकन येतं, त्यावरून तुम्हाला कळेल. हे काम तसंही लवकर उरकायला हवं. आज मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्यांची सही पुरते. मालक हयात नसेल तर फॉर्म 31, वारसांचे कागद, भावंडांच्या संमती असं प्रकरण वाढत जातं.

विकलीत तर कोऱ्या फॉर्मवर सह्या करून चावी देऊ नका. 2018 च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक धरला जातो, मग गाडी मधे कितीही हातांतून गेलेली असो. डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ घाला, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, आणि नाव बदलल्याचं एमपरिवहनवर दिसेपर्यंत थर्ड पार्टी विमा चालू राहू द्या. घेणारा 'नाव नंतर करतो' म्हणाला तर थोडी रक्कम त्यासाठी मागे ठेवू द्यायची तयारी दाखवा, पण ट्रान्सफरला तुम्ही सोबत जा.