माणसांच्या वागण्याचे वेगवेगळे प्रकार कसे ओळखायचे?
रोजच्या व्यवहारात चार प्रकार पुरतात: दबून वागणं, आक्रमक, आतून धुमसणारं आणि ठाम, आणि ते सगळ्यात स्पष्ट दिसतात माणूस नकार कसा देतो त्यात. काम नको असलं तरी पहिला "बरं, करतो" म्हणून गिळून टाकतो, दुसरा डाफरतो. ठाम माणूस "आज जमणार नाही, उद्या दुपारी देतो" एवढंच सांगतो. खरा फसवा तो धुमसणारा. तोंडावर गोड हो म्हणतो, मग मुद्दाम उशीर, अर्धवट काम, "तुम्हालाच घाई होती ना" असले टोमणे. तिथे शब्द सोडा, दिलेली वेळ पाळली का ते बघा. एकाच प्रसंगावरून शिक्का मारू नका. चार-पाच वेळा तीन गोष्टी टिपा: आधी काय घडलं, तो कसा वागला, त्यातून त्याला काय मिळालं. चिडल्यावर काम टळत असेल तर चिडणं टिकतं. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचा प्रबलनाचा (म्हणजे फायदा झाला की तेच वागणं पक्कं होतं, असा) सिद्धांत हेच सांगतो. मात्र परिस्थिती विसरून सगळं स्वभावावर ढकलायची चूक हमखास होते (मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिला 'मूलभूत गुणारोपण दोष' म्हटलं). घरी डाफरणारा साहेबापुढे दबूनही वागतो.