वळताना पुढच्या चाकातून कटकट आवाज येतो; सीव्ही जॉइंट दुरुस्त करावा की बदलावा?

सीव्ही जॉइंट म्हणजे इंजिनाची ताकद वळत्या चाकापर्यंत पोहोचवणारा सांधा. आवाज सुरू झाला असेल तर तो बदला. आतल्या पोलादी गोळ्या ज्या खाचांमधून सरकतात त्या खाचाच झिजलेल्या असतात. नवं ग्रीस भरलं की आवाज थोडे दिवस दबतो, झीज काही भरून येत नाही.

दुरुस्तीला अर्थ असतो तो एकाच वेळी: जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलाय, पण आवाज अजून नाही. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. ते चिमटीत घेऊन चोळून पाहा. मऊ लागलं तर जॉइंट उघडून, धुऊन, नवं मॉलिब्डेनमवालं ग्रीस आणि नवा बूट घाला. कचकच लागली तर आत माती गेलीय. मग बुटावर खर्च करण्यात हशील नाही.

आधी दोष नक्की कुठे आहे ते बघा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट वाढली, तर बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट. सरळ जाताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरली, तर संशय आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर. वेगाबरोबर वाढणारी एकसुरी घरघर मात्र बहुतेकदा व्हील बेअरिंगची असते, आणि गल्लत नेमकी इथेच होते.

दोन्ही जॉइंट जुने असतील तर ते ज्याच्या टोकांना असतात तो पूर्ण ॲक्सल शाफ्टच (चाक फिरवणारा दांडा) घ्या, मजुरी जवळपास तीच पडते. दुसऱ्या बाजूचा शाफ्ट ठणठणीत असेल तर त्याला हात लावू नका. हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट नवा लावा आणि नेमका ठरलेला जोर देणाऱ्या टॉर्क रेंचनेच आवळा.