मेटल हॅलाइड काढून एलईडी हायबे लावायचे, तर त्यात खरंच नवीन डिझाइन काय असतं?

तुमचा प्रश्न असा की लेथच्या वर्कशॉपमध्ये ९ मीटर उंचीवर ४०० वॅटचे मेटल हॅलाइड, म्हणजे आर्कवर जळणारे जुने मोठे दिवे आहेत, ते काढून एलईडी हायबे, म्हणजे उंच शेडसाठीची एलईडी फिटिंग लावायचीत, तर त्यात खरंच काही नवीन डिझाइन आहे की आतला दिवा बदलून नुसती किंमत वाढवलीय. मी कोल्हापूरच्या एमआयडीसीत आधी फाउंड्रीत आणि आता मशीन शॉपमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो, १९ वर्षं झाली, शेकडो फिटिंग या हातानं उतरवलीत. नवीन आहे, बरंच आहे, पण ते चिपमध्ये, म्हणजे उजेड देणाऱ्या बारक्या तुकड्यात कमी आणि चिपच्या पाठीमागं जास्त आहे.

मेटल हॅलाइडला गरमच व्हायचं असतं, आतली आर्क ट्यूब तापल्याशिवाय तो पुरता पेटत नाही, आणि त्याची बरीचशी उष्णता उजेडाबरोबरच खाली फेकली जाते. एलईडीचं बरोबर उलटं. उजेड पुढनं जातो आणि उष्णता चिपच्या पाठीत साठते, ती तिथनं ओढून काढली नाही तर उजेड उतरत जातो आणि चिप लवकर मरते. म्हणून पूर्वी फिटिंगची बॉडी म्हणजे वरची नुसती टोपी असायची, आता बॉडीनंच गाडीच्या रेडिएटरचं काम करायचं असतं. चिप ॲल्युमिनियमच्या प्लेटवर, मध्ये उष्णता पुढं नेणारी थर्मल पेस्ट, मग फिन म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, आणि फिनमधनं हवा वर निघून जायला मोकळी वाट. ही वाट कुठं अडली की सगळं मुसळ केरात.

हे मी फाउंड्रीत बघितलंय. पहिल्यांदा एलईडी बसवले, गोल आकाराचे, दिसायला देखणे, १५० वॅटचे, मालक खूश, कारण जुनं फिटिंग चोकसकट साडेचारशेच्या आसपास खायचं. आठ महिन्यांत भट्टीच्या वरची ओळ लुकलुकायला लागली. एक उतरवून टेबलावर घेतलं तर फिनच्या मध्ये काळी धूळ इतकी घट्ट बसलेली की स्क्रूड्रायव्हरनं खरवडावी लागली, जाड कांबळ्यासारखा थर निघाला. चिप सगळ्या ठीक होत्या. ड्रायव्हर, म्हणजे चिपला हवी तशी वीज देणारा डबा, उघडला तर कपॅसिटरचं डोकं फुगून वर आलेलं. ड्रायव्हर फिटिंगच्या बरोबर डोक्यावर चिकटवलेला, खालनं हीट सिंकची, म्हणजे त्या फिनवाल्या बॉडीची झळ आणि भोवती भट्टीची गरम हवा, तो बिचारा मधे भाजला. या कपॅसिटरचा साधा हिशोब असा की तापमान १० अंश वाढलं की आयुष्य साधारण निम्मं.

पुढच्या खेपेला आम्ही फिन कमी पण उभ्या आणि लांब लांब असलेली फिटिंग मागवली, वरनं पूर्ण मोकळी, म्हणजे धूळ टिकत नाही आणि हवा मारली की साफ होतं, आणि भट्टीजवळच्या ओळीचे ड्रायव्हर काढून खाली खांबावर पेटीत नेले. ते अजून चालू आहेत. तुम्हीही एक करा, ड्रायव्हरवर टीसी असं लिहिलेला एक ठिपका असतो आणि शेजारी तापमान छापलेलं असतं, सॅम्पल फिटिंग तुमच्याच शेडमध्ये दुपारी तीन-चार तास चालवून त्या ठिपक्यावर मोजा. छापलेल्या आकड्याच्या जवळ गेलं तर ते फिटिंग घेऊ नका, विकणारा काहीही सांगू दे.

दुसरी गोष्ट उजेड कुठं पडतो याची. आर्क ट्यूब सगळीकडं उजेड फेकते, मग रिफ्लेक्टर तो गोळा करून खाली ढकलतो, आणि रिफ्लेक्टर काळवंडला की उजेड गेलाच. चांगल्या एलईडीत प्रत्येक चिपवर छोटी लेन्स बसते, उजेडाच्या पसाऱ्याचा कोन ६०, ९०, १२० अंश, हवी ती मागा. काचेनं उजेड वळवायची युक्ती काही आजची नाही, आंद्रे ब्लाँडेल या फ्रेंच इंजिनिअरनं एका सहकाऱ्याबरोबर १८९३ च्या सुमारास प्रिझमवाली काच केली होती, त्यातनंच होलोफेन नावाची फिटिंग आली. पण लेन्स नसलेलं उघड्या चिपचं स्वस्त फिटिंग डोळ्यात टोचतं, आणि त्याचा त्रास मशीनवर काम करणाऱ्यापेक्षा खाली उभं राहून ओव्हरहेड क्रेन चालवणाऱ्याला जास्त, कारण हुक बघायला, दिशा बघायला त्याची नजर सारखी वर असते. त्याला विचारून फिटिंग ठरवा, माझ्या माहितीत हे कुणी करत नाही आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं.

तुमच्याकडं लेथ आहेत म्हणून हे जरा नीट वाचा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. चक, म्हणजे जॉब पकडणारा लेथचा फिरता भाग, १५०० आरपीएमनं (मिनिटाला १५०० फेरे) फिरत असेल तर सेकंदाला २५ फेरे, आणि फोर जॉ, म्हणजे चार जबड्यांचा चक असेल तर बरोबर प्रत्येक चमकेला एक जॉ आधीच्याच जागी दिसतो. म्हणजे फिरणारा चक थांबल्यासारखा दिसू शकतो, आणि माणूस हात घालतो. जुने लोक यासाठी शेजारशेजारची फिटिंग आर, वाय, बी अशा वेगवेगळ्या फेजवर टाकायचे, ती वायरिंग तुमच्याकडं असेल तर मोडू नका. चांगल्या एलईडी ड्रायव्हरमध्ये ही थरथर जवळजवळ नसते, स्वस्तात मात्र मेटल हॅलाइडपेक्षाही वाईट असते. मोबाईल स्लो मोशनवर ठेवून फिटिंगकडं धरा, उजेड धडधडताना दिसला तर ते लेथवर नको.

आणि ज्या कारणासाठी मी एलईडीला कायम हो म्हणेन ते म्हणजे वीज झटका देऊन परत येते तेव्हाचं. मेटल हॅलाइड एकदा विझला की गार झाल्याशिवाय पेटत नाही, दहा-पंधरा मिनिटं जातात. पावसाळ्यात एकदा ओतकाम चालू असताना लाइट पलक मारून आली आणि अख्खी शेड अंधारात गेली. उजेड फक्त लॅडलमधल्या, म्हणजे ओतायच्या भांड्यातल्या लाल लोखंडाचा, दोन पोरं लॅडल धरून जागच्या जागी उभी, कुणी हलू नका म्हणून फोरमन ओरडतोय, आणि मी मेनजवळ, सप्लाय पूर्ण आलेला, तरी काहीही करू शकत नव्हतो. एलईडी अशा वेळी लगेच परत लागतो.

पावसाचं निघालं म्हणून, फिटिंग आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाणारं घ्या आणि बॉडीवर ब्रीदर प्लग आहे का बघा. तापलेलं फिटिंग बंद केलं की आतली हवा आकसते आणि गॅस्केटमधनं दमट हवा ओढून घेते, मग काचेच्या आत पाण्याचे थेंब. ब्रीदरच्या पडद्यातनं हवा जाते, पाणी जात नाही. सॅम्पल दोनच मागवा, एक भट्टी किंवा कॉम्प्रेसरसारख्या गरम जागेवर टांगा, एक लेथवर, आणि महिनाभर बघून मग बाकीची ऑर्डर द्या.